खाचर आणि वरकस : शहापूर-मुरबाडच्या भातशेतीचा जोडधागा

कसाऱ्याच्या लोकलमार्गावर खर्डी सोडले की उंबरमाळी लागते. शहापूर-मुरबाडच्या या डोंगरउतारावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत. तरीही उन्हाळ्यात इथल्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस भरपूर आहे, पण तो मातीत मुरत नाही, ही इथल्या शेतीची मूळ अडचण आहे.

बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी १९७८ साली ‘पर्माकल्चर वन’ या पुस्तकातून जी विचारपद्धती मांडली, तिचा रोख अशाच अडचणीवर आहे. धावते पाणी अडवावे व जिरवावे, बहुवर्षायू झाडांना शेतीचा कणा मानावे, एका घटकाची टाकाऊ वस्तू दुसऱ्याच्या उपयोगी पडावी, अशी तिची सूत्रे. ती नवी वाटत असली, तरी ठाणे जिल्ह्यातील जुनी भातशेती अशाच एका जोडणीवर उभी होती.

ही जोडणी म्हणजे खाचर आणि वरकस. सखल, बांधबंदिस्तीच्या खाचरात भात होई. वरच्या चढावरील वरकस जमिनीत नाचणी-वरई निघे आणि शिवाय गवत व झाडांचा कवळ मिळे. उन्हाळ्यात शेण, कवळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रोपाच्या जागेवर पसरून ते जाळायचे, हा राब. पहिल्या पावसावर तिथेच भात पेरायचे आणि रोपे मोठी झाली की चिखलणी केलेल्या खाचरात लावायची.

राब म्हणजे अडाणी जाळपोळ, असे ब्रिटिश वनाधिकाऱ्यांपैकी अनेकांचे मत होते. राखीव जंगलांमुळे कवळ तोडण्यावर बंधने आली, तक्रारी वाढल्या आणि मुंबई सरकारने वन आयोग नेमला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांचा विचार करणारा त्याचा अहवाल १८८७ साली आला. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास केला; तो १९१२ साली प्रसिद्ध झाला.

राबाने नेमके काय साधते? उष्णतेने तणांचे बी मरते. दाट पेरलेल्या रोपांत भात आणि तण वेगळे करणे कठीण, म्हणून हा लाभ मोठा. तापलेली माती भुसभुशीत होते, पिकाला अन्नद्रव्ये लवकर मिळतात आणि राखेतून पालाश येते. पण नत्राचा मोठा भाग धुरावाटे जातो आणि मातीत कुजून ओल धरून ठेवू शकणारा पाला संपतो. रोपाची सोय होते, खाचराचे मात्र नुकसान होते.

शेजारच्या कर्जत तालुक्यात नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी याच प्रश्नाला दुसरे उत्तर दिले. त्यांच्या सगुणा भात तंत्रात कायम गादीवाफे असतात. नांगरणी, चिखलणी आणि लावणी तिन्ही टळतात. कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू दिली जातात, गांडुळे वाढतात आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा घेता येतो. मात्र तणासाठी तणनाशक वापरले जाते आणि पर्माकल्चरच्या कट्टर पुरस्कर्त्यांना ते खटकते. अग्नी की रसायन, हा पेच इथे कायम आहे. बिनतणाची शेती फुकट कुणालाच मिळत नाही.

उंबरमाळीसारख्या गावात म्हणूनच सुरुवात चढावरून व्हायला हवी. वरकसावर समपातळी चर खणून पाणी जिरवावे. झाडांचे बुंधे राखून फक्त फांद्या छाटाव्यात. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला खाचरात गाडावा आणि बांधावरची तूर सोडू नये. राब करायचाच, तर रोपापुरत्या लहान तुकड्यावर. असे झाले तर भातानंतरच्या वालाला पुरेल इतकी ओल खाचरात टिकण्याची शक्यता वाढते.

यात एक अट आहे: वरकस शेतकऱ्याच्या हाती राहिली पाहिजे. भात न पिकवणारी म्हणून ही जमीन पडीक समजली जाते आणि शहरातल्या माणसाच्या फार्महाऊससाठी आधी तीच विकली जाते. सातबाऱ्यावर खाचर तसेच राहते. त्याला पाला आणि पाणी देणारा डोंगर मात्र दुसऱ्याचा होतो. निसर्गाशी भागीदारी करायची, तर भागीदाराचा हिस्साच विकून चालणार नाही.