खड्यांच्या मातींतील रान

सांगली जिल्ह्यांत देवराष्ट्रे गांवाजवळ सागरेश्वराचे डोंगर आहेत. खालीं कृष्णाकांठची काळीभोर जमीन, आणि वर मात्र खडे व मुरूम! एकाच काळ्या पाषाणाच्या या दोन लेकी; मग त्यांचे स्वभाव इतके भिन्न कां?

पाषाण ऊनपावसानें झिजून प्रथम त्याचा मुरूम होतो. त्यांतील बारीक कण पाण्याबरोबर खोऱ्यांत उतरतात व तेथें काळी माती सांचते. ती पाणी धरून ठेवते. मुरमाड जमिनींत खड्यांमधून पाणी झटकन निथळतें. मुळांना हवा भरपूर मिळते, पण ओल टिकत नाहीं. युरोप-अमेरिकेंत प्राचीन हिमनद्यांच्या पाण्यानें पसरलेल्या खड्यांवरहि अरण्यें आहेत. त्या जमिनीचा गुणहि असाच.

मग येथें रान जगतें कसें? पानगळीच्या बळावर. गळलेलीं पानें कुजून काळसर थर बनतो. तोच ओल राखतो व मुळांना अन्न पुरवितो. झाडें तुटलीं, कीं हा थर पावसागणिक वाहून जातो आणि डोंगर बोडका होतो. सागरेश्वराची अशीच दशा झाली होती. वृक्षमित्र धों. म. मोहिते व त्यांचे सहकारी यांनीं तेथें झाडें लावलीं व राखलीं. १९८५ सालीं तें रान अभयारण्य ठरलें.

बालमित्रांनो, सहलीस जाल तेव्हां तेथील झाडाखालचीं पानें हलकेंच बाजूस सारून पाहा. बोटभर काळा थर दिसेल. तो साठण्यास वर्षें लागतात. जाण्यास एक वळीव पुरतो.