जून उजाडण्याआधी पेटीचा बेत

दहावीचा निकाल लागला की आमच्या शिवणवर्गात दोन प्रकारच्या माता येतात. एक, जिची मुलगी पुढे शिकायला देवरी, गोंदिया किंवा नागपूरच्या वसतिगृहात निघाली आहे आणि जिला आठ दिवसांत कपडे शिवून हवे आहेत. दुसरी, जिची मुलगी आधीच वसतिगृहात आहे आणि पहिल्या पावसाळ्यातच कपड्यांचे हाल झाले आहेत. हा लेख पहिलीसाठी आहे, म्हणजे पुढच्या वर्षी ती दुसरीसारखी येणार नाही.

काही वर्षांपूर्वी सालेकसा तालुक्यातली एक हुशार मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली, ती परत गेलीच नाही. कारणे अनेक होती. घरची आठवण, जेवण, इंग्रजी विषय. पण तिने आम्हाला जे सांगितले ते वेगळेच होते. "रोज ओलाच ड्रेस घालून जावं का जी?" तिच्या पेटीत तीन चांगले पंजाबी ड्रेस होते. आईने कर्ज काढून घेतले होते. मग ओला ड्रेस का?

कारण ते तीन जोड होते. लाल कुर्त्याला लाल सलवार, हिरव्याला हिरवी, पिवळ्याला पिवळी. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे चार-चार दिवस ऊन पडत नाही. वसतिगृहाच्या वऱ्हांड्यात एक दोरी आणि तिच्यावर वीस जणींचे कपडे. कुर्ता वाळतो, पण सलवारीचा नेफा ओलाच राहतो. लाल सलवार ओली म्हणजे लाल कुर्ता वाळूनही बाद. पेटीत कपडे असून अंगावर घालायला नाही, अशी ती गत होती.

म्हणून आम्ही आता वर्गात पहिल्या दिवशी कात्री हातात देतच नाही. आधी कागद देतो. कापड कापण्याला आपण "बेतणे" म्हणतो आणि ठरवण्याला "बेत". दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत, पण आपण बेत न करताच बेतायला बसतो.

जोड नको, जुळणी हवी

हिशेब साधा आहे. तीन जोड म्हणजे तीन कुर्ते, तीन सलवारी, तीन ओढण्या. एकूण नऊ नग आणि घालायच्या तऱ्हा तीनच. आता असे करा. तीन कुर्ते, पण सलवारी दोनच आणि ओढण्याही दोनच. मात्र रंग असे निवडा की कोणताही कुर्ता कोणत्याही सलवारीवर आणि कोणत्याही ओढणीसोबत शोभेल. नग सात झाले आणि तऱ्हा 3 × 2 × 2, म्हणजे 12. बारा तऱ्हांची हौस हा आमचा मुद्दा नाही. मुद्दा हा की एक नग ओला असला तरी बाकीचे सहा अडून बसत नाहीत.

36 इंच पन्ह्याच्या कापडात मध्यम बांध्याच्या मुलीचा कुर्ता, सलवार आणि ओढणी यांना प्रत्येकी साधारण सव्वादोन मीटर लागते. नऊ नगांना 20.25 मीटर, सात नगांना 15.75 मीटर. वाचले साडेचार मीटर. तेवढ्या पैशात दोन शमीज आणि रात्री घालायचा एक पायजमा होतो, जे आईच्या यादीत बहुधा नसतातच आणि मुलीला रोज लागतात.

रंग कसे निवडायचे? तीनच रंग घ्या. एक गडद, एक फिकट, एक उठावाचा. आमच्या वर्गातली आवडती तिकडी म्हणजे गडद निळा, बदामी आणि मरून. बदामी आम्ही मुद्दाम घेतो. तो आपल्या कोशाच्या रंगाच्या जवळचा आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचे कोसे आपल्या जंगलात किती जणींनी पाहिले असतील! त्या धाग्याचा मूळचा मधासारखा रंग कशासोबतही जातो. मग सलवारी दोन, एक निळी आणि एक बदामी. कुर्ते तीन, एक साधा मरून, एक निळ्या-बदामी चौकडीचा आणि एक बारीक छापाचा. छापाच्या बाबतीत आमचा नियम कडक आहे. त्या छापात निळा आणि बदामी दोन्ही असलेच पाहिजेत. नसतील तर छाप कितीही सुंदर असो, दुकानात ठेवून या. दुकानात जाताना सलवारीच्या कापडाचा तुकडा हातात न्या आणि दोन्ही कापडे दारात, उजेडात आणून पाहा. ट्यूबलाइटखाली निळा आणि जांभळा एकच दिसतो.

एका रंगाचे सगळे कापड एकाच दिवशी, एकाच ताग्यातून घ्या. आज एक सलवार, दिवाळीला दुसरी असे केले तर "तोच निळा" म्हणून आणलेला निळा तोच नसतो.

कमी कापडात पुरवायचे म्हणून आधी ठरवणे ही काही फक्त गरिबाच्या घरची गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांवर रेशन आले. पहिल्या वर्षी माणशी 66 कुपने मिळाली आणि बाईच्या एका लोकरी झग्यालाच 11 कुपने जात. चांगल्या खात्यापित्या घरच्या बायकांनाही वर्षाचा हिशेब मांडून, जुन्या कोटातून मुलांचे कपडे काढून दिवस काढावे लागले. सरकारने उसवायचे-सांधायचे कसे याच्या पुस्तिका छापल्या. आपल्या आज्या हे पुस्तिकेशिवाय करत होत्या.

पैसा कधी, सवड कधी

आपल्या घरात पैसा हातात येतो तो धान विकल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. मग मार्च-एप्रिलचा मोह, मेमधला तेंदूपत्ता. जूनमध्ये बियाणे-खतावर सगळे जाते आणि नेमकी तेव्हाच शाळा उघडते. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतात आणि त्यामागोमाग रोवणी. त्या दिवसांत कापड घेणे म्हणजे उधारीने घेणे.

म्हणून कापड जानेवारीत घ्या आणि शिवा मे महिन्यात. पहाटे पत्ता तोडून आल्यावर दुपारी तसेही बाहेर पडवत नाही. दोन ते पाच या वेळात दिवसाला एक नग होतो. पायमशीनला वीज लागत नाही. मशीन नसेल तर देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात योजनांची चौकशी करावी. गावातल्या बचतगटाचे मशीन दुपारी रिकामे असते का, हेही विचारून पाहा.

कापड घरी आले की पहिले काम म्हणजे ते रात्रभर पाण्यात भिजवणे, सकाळी न पिळता सावलीत वाळवणे आणि इस्त्री करणे. हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत. वर्गाच्या पहिल्याच वर्षी घाईत कोऱ्या सुती कापडाचे अकरा कुर्ते बेतले. पहिल्या धुण्यात ते आटले आणि मुंढ्यात अडकले. चूक शिकवणाऱ्याची होती, भोगली मुलींनी. गडद रंग मीठ घातलेल्या पाण्यात, वेगळा भिजवावा, म्हणजे जाणारा रंग तिथेच जातो आणि बदामीला लागत नाही.

कुर्ते सुतीच असावेत. सलवारीला मात्र आम्ही टेरीकॉट सुचवतो. ती लवकर वाळते. नेफा दुहेरी न करता एकेरी दुमडीचा करा, कारण सर्वांत शेवटी वाळतो तो नेफाच. मुलींना हल्ली लेगिंग हवी असते. ती शिवण्याच्या फंदात पडू नका. होजियरीच्या कापडावर साधे मशीन टाके सोडते. लेगिंग विकतच घ्या, फक्त रंग आपल्या तिघांपैकीच हवा.

माया किती ठेवायची

शिवणकामातला सर्वांत गोड शब्द म्हणजे माया. शिवणीच्या आत जे जादा कापड आपण ठेवतो ती माया. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी वर्षभरात अंगाने भरते, उंच होते. जूनमध्ये अंगासरशी शिवलेला कुर्ता फेब्रुवारीत तिला होत नाही.

कुर्त्याच्या बगलेपासून खाली दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच आणि तळाला तीन इंच माया ठेवा. सलवारीच्या मोहरीच्या वर आतल्या बाजूने दोन चिमटे घ्या, उंची वाढली की एकेक उसवता येतो. मुंढ्याचे गणित उलटे आहे. तिथे जास्त कापून ठेवले तर परत जोडता येत नाही, म्हणून मुंढा आधी अर्धा इंच कमीच कापावा, पुढे लागेल तसा खोल करावा. बगलेत चौबगला घातला तर हात वर करताना शिवण फाटत नाही. ज्या मुलीला सायकलने किंवा बसला लोंबकळून जायचे आहे, तिला तो हवाच. उसवायच्या शिवणींवर टीप मोठी ठेवा आणि कायमच्या शिवणींवर बारीक. सुती कापडाला 14 नंबरची सुई, जाड टेरीकॉटला 16.

तळाची माया सोडली की जुन्या दुमडीची रेघ गडद दिसते, कारण बाकीचा कपडा धुऊन धुऊन विटलेला असतो. तिच्यावर पट्टी लावा. आजीच्या फाटलेल्या लुगड्याचा काठ यासाठी फार चांगला. भंडारा-नागपूरकडच्या कोष्ट्यांनी विणलेल्या करवतकाठी साड्यांना आज भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या काठावरचे करवतीचे दाते आपण ओळखतोच. तसा जुना काठ घरात असेल तर दुकानातल्या लेसवर पैसे घालवू नका. एका मुलीच्या मरून कुर्त्याला असा काठ लावला तेव्हा वसतिगृहातल्या दोघींनी तिला तो कुठून घेतला म्हणून विचारले. तिने काय उत्तर दिले, ते तिने आम्हाला सांगितले नाही. पण कुर्ता ती अजून घालते.

प्रत्यक्ष बेतताना

एक उदाहरण पाहू. छाती 32, कुर्त्याची उंची 38. खांद्याला एक आणि तळाला तीन इंच धरून 42 झाले. पुढचा आणि मागचा भाग मिळून 84 इंच. सव्वादोन मीटर म्हणजे 88 इंचांहून थोडे जास्त, म्हणजे लांबी पुरली. रुंदीचे पाहा. छातीत चार इंच ढिलाई धरली की 36, त्याचे अर्धे 18 आणि दोन्हीकडची माया तीन. 21 झाले. तळाचा घेर 24 धरा. पन्हा 36 चा, म्हणून बाजूला 12 इंचांची लांब पट्टी सलग उरते. नवशिक्या बाया हीच पट्टी चिंध्यांत टाकतात आणि बाह्यांसाठी वेगळे कापड मागतात.

त्या पट्टीत दोन्ही अर्ध्या बाह्या बसतात. बाहीची लांबी दुमडीसह साडेदहा इंच, ती पट्टीच्या रुंदीत ठेवा. अशी बाही आडव्या धाग्यावर येते. साध्या किंवा बारीक छापाच्या सुती कापडात ते चालते. फुले एकाच दिशेने उभी असतील तर मात्र बाहीवर ती आडवी पडलेली दिसतील, तेव्हा असे कापड घेऊच नका. बाह्या काढूनही चार फुटांच्या वर पट्टी उरते. तिच्यातून गळ्यासाठी उरेब पट्टी आणि एक खिसा काढा. खिसा प्रत्येक कुर्त्याला हवाच. बसचे पैसे मुलीने कुठे ठेवायचे?

कात्री लावण्याआधी सगळे भाग वर्तमानपत्रात कापून कापडावर मांडून पाहा. तीनही कुर्त्यांना तोच कागद चालतो. गळा फक्त बदला, म्हणजे तिन्ही एकसारखे वाटणार नाहीत. एकाला गोल, एकाला चौकोनी, एकाला पुढे बटणपट्टी. बटणपट्टीचा कुर्ता कॉलेजच्या कार्यक्रमाला घालायचा म्हणून ठेवा. शाळेचा गणवेश असेल तर तो या सातांत धरू नका. त्याचा रंग शाळा ठरवते.

उरलेल्या सुती तुकड्यांची गोधडी होते हे सर्वांना माहीत आहे. पण आधी त्यातून मऊ तुकडे निवडून मुलीसाठी पाळीच्या घड्या शिवा. चार पदर सुती कापड, कडेने टीप, निदान सहा घड्या. त्या उन्हात वाळवाव्या लागतात आणि वसतिगृहात ते अवघड जाते, म्हणून सोबत विकतचे पॅडही द्या. आईने हे आधी बोलून ठेवले तर मुलीला विचारायला लाजावे लागत नाही. दुसरे म्हणजे प्रत्येक रंगाची एक चिंधी मुलीकडे द्या आणि कपड्यांसोबतच धुवायला सांगा. पुढे ठिगळ किंवा पट्टी लावायची वेळ आली तर तीही तेवढीच विटलेली असेल.

सगळे शिवून झाले की पेटी भरण्याच्या आदल्या रात्री एक काम मुलीनेच करायचे. प्रत्येक नगाच्या आतल्या बाजूला, कुर्त्याच्या गळ्यापाशी आणि सलवारीच्या नेफ्यावर, रंगीत दोऱ्याने आपल्या नावाचे पहिले अक्षर काढायचे. वीस जणींच्या एका दोरीवर निळ्या सलवारी तीन-चार तरी असतातच.