फसुले : अल्बानियाच्या चुलीवरील घेवड्याची आमटी

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मदर तेरेसांच्या चरित्राचा भाग चालू असता, 'त्यांचा जन्म १९१० साली स्कोप्ये या गावी एका अल्बानियन कुटुंबात झाला' असे वाक्य आले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, अल्बानियन लोक जेवतात काय?" वर्ग हसला. आम्ही मात्र हसलो नाही. कारण उत्तर आम्हांसही ठाऊक नव्हते, आणि प्रश्न हसण्याजोगाही नव्हता. एखाद्या देशाची राजधानी, नद्या आणि पर्वत पाठ झाले तरी तेथील चुलीवर काय रटरटते हे कळल्यावाचून तो देश परकाच राहतो. त्या प्रश्नाचा माग घेत आम्ही शेवटी आमच्याच स्वयंपाकघरात येऊन पोहोचलो आणि तेथे दोनदा चांगलेच फसलो. त्या दोन फजित्यांनी आम्हांस जे शिकविले, ते वाचकांच्या कामी यावे म्हणून येथे मांडीत आहो.

प्रथम नकाशा उघडावा. इटलीचा जो बूट आहे, त्याच्या टाचेसमोर, अरुंद समुद्राच्या पलीकडे अल्बानिया हा चिमुकला देश दिसेल. त्याचे क्षेत्रफळ २८,७४८ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही थोडे कमी. एका अंगास समुद्र, उरलेल्या अंगांस डोंगरच डोंगर. चार शतकांहून अधिक काळ येथे तुर्कांचे राज्य होते. १९१२ साली देश स्वतंत्र झाला. राज्य गेले तरी स्वयंपाकघरातील शब्द जात नाहीत. अल्बानियन गृहिणी पातेल्यास आजही 'तेंजेरे' म्हणते, तो शब्द तुर्कीच. पातळ रश्श्यास ती 'यानी' म्हणते. हा शब्दही तुर्कांकडून आला. पण तुर्कांनी तो फारसीतून घेतला, आणि मूळ फारसी शब्द 'यखनी'. आमच्या हैदराबादच्या वाचकांस तो नव्याने सांगावयास नको! एकच शब्द एका दिशेने दक्षिणेत उतरला, दुसऱ्या दिशेने आड्रियाटिक समुद्राच्या काठी जाऊन बसला.

तर या देशाच्या नित्याच्या जेवणातील पदार्थ म्हणजे 'यानी मे फसुले', अर्थात घेवड्याचा रस्सा. सगळे नुसते 'फसुले' म्हणतात. शेजारच्या कोसोव्होतील अल्बानियन त्यासच 'पसुल' म्हणतात. पांढरे घेवड्याचे दाणे, कांदा, लसूण, ऑलिव्हचे तेल, टोमॅटो, तांबड्या मिरचीची सौम्य पूड, वाळविलेला पुदिना आणि एखादे सुगंधी पान, एवढाच त्याचा संसार. काही घरांत, विशेषतः थंडीत, त्यात वाळविलेल्या मांसाचा तुकडा पडतो. उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य करणारी ख्रिस्ती घरे तो तेलावरच करतात. हा पदार्थ मेजवानीचा नव्हे. आपल्याकडे जसे आमटी-भाकरीचे, तसे तेथे या रश्श्याचे आणि मक्याच्या जाड भाकरीचे.

गंमत अशी की, ज्यास आज अस्सल अल्बानियन म्हणावयाचे, त्या पदार्थातील घेवडा, टोमॅटो, मिरची आणि सोबतचा मका हे चारही मूळचे अमेरिकेचे. १४९२ साली कोलंबस अटलांटिक ओलांडून गेला, त्यानंतरच ते युरोपात आले. आपण ज्यास राजमा म्हणतो तो आणि कोवळ्या शेंगांची भाजी होते तो श्रावणघेवडा हे याच घेवड्याचे भाऊबंद. वनस्पतिशास्त्रात तिघांचे नाव एकच. साताऱ्याकडील कोरेगावचा ठिपक्याठिपक्यांचा वाघ्या घेवडाही याच कुळातला. म्हणजे अल्बानियन आजीबाईच्या मडक्यातील दाणा आणि आपल्या डब्यातील दाणा यांत रंगाखेरीज फारसा भेद नाही. हे ध्यानात आले आणि आम्हांस धीर आला. तोच धीर पुढे महागात पडला.

जुन्या रीतीप्रमाणे हा रस्सा मातीच्या भांड्यात, निखाऱ्यांवर, तासन्‌तास शिजतो. घरात दिवसभर चूल पेटती असे तेव्हा ते सोयीचेच होते. आता अल्बानियाच्या घरोघरीही कुकर आहे. त्यास ते 'तेंजेरे मे प्रेसिऑन' म्हणतात. 'मे' म्हणजे सह. दाबासह पातेले, असा त्याचा सरळ अर्थ.

हे दाबाचे पातेले प्रथम केले ते डेनी पापँ नावाच्या फ्रेंच वैद्याने, १६७९ साली, लंडनमध्ये. हाडेसुद्धा मऊ व्हावीत असा त्याचा हेतू होता, आणि १६८२ साली त्याने रॉयल सोसायटीच्या सभासदांस या भांड्यात शिजविलेले जेवणही घातले. परंतु त्याची खरी थोरवी भांड्यात नसून त्यावर बसविलेल्या वजनाच्या झडपेत आहे. कोंडलेली वाफ भांडे फोडते हे त्याने ओळखले, आणि ठराविक दाबापलीकडे वाफेस आपोआप वाट मिळेल अशी तजवीज केली. आपल्या कुकरची शिटी ही त्याच झडपेची नात.

वाफ कोंडल्याने शिजणे लवकर का होते? उघड्या पातेल्यात पाणी उकळू लागले की त्याची उष्णता तेथेच थांबते. खाली कितीही जाळ करा, पाणी अधिक तापत नाही, फक्त आटते. समुद्रकाठी ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसची. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून मर्यादाही कमी. दर ३०० मीटरला सुमारे एक अंश. आमचे बेळगाव साडेसातशे मीटरांच्या आसपास आहे. येथे पाणी ९७-९८ अंशांवरच उकळते. अल्बानियातील कोर्चा हे गाव तर साडेआठशे मीटरांवर. तेथील आजीबाईंची डाळकडधान्ये उशिरा का शिजतात, हे त्यांना आमच्यासारखेच अनुभवाने ठाऊक असणार. कुकरात मात्र कोंडलेल्या वाफेचा दाब पाण्यावर पडतो, आणि ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापल्यावाचून उकळत नाही. एवढ्या वीस अंशांच्या फरकाने शिजण्याचा वेग तिप्पट-चौपट होतो.

आता आमची पहिली फजिती. आम्ही पाव किलो पांढरा राजमा रात्री भिजत घातला. सकाळी तो, चिरलेला कांदा, चार टोमॅटो, तेल, मीठ, मसाला, सारे एकदम कुकरात लोटले आणि निश्चिंत झालो. शिट्या मोजून झाकण उघडले तो रस्सा सुरेख तांबडा, वास घमघमीत, आणि दाणे दाताखाली कटकन वाजणारे! पुन्हा चार शिट्या दिल्या, दाणे तसेच. घरच्यांनी मुकाट्याने रस्सा तेवढा पिऊन घेतला.

दोष कुकरचा नव्हता, टोमॅटोचा होता. म्हणजे अर्थात आमचा. दाण्याच्या पेशी एकमेकींस चिकटवून ठेवणारा जो चिकट पदार्थ असतो, तो विरघळला म्हणजे दाणा मऊ होतो. आंबट पाण्यात तो विरघळण्यास तयार नसतो. म्हणून टोमॅटो, चिंच, लिंबू ही मंडळी दाणा पूर्ण शिजल्यावरच यावीत. जड पाण्यातील चुन्यानेही तोच प्रकार होतो; विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही अशी तक्रार आपण ऐकतो, तिचे मूळ येथे आहे. उलट भिजविण्याच्या पाण्यात थोडे मीठ टाकले तर साली मऊ पडण्यास साहाय्यच होते. मिठाने कडधान्य शिजत नाही असे आमच्या आजीचे ठाम मत होते. या एका बाबतीत आम्ही तिच्या आज्ञेबाहेर गेलो आहो.

परंतु त्या दिवशी आम्ही ज्या गोष्टीतून बचावलो ती अधिक गंभीर आहे, आणि ती मुलांनी नीट वाचावी. कच्च्या राजम्यात निसर्गतःच एक विषारी प्रथिन असते. तांबड्या राजम्यात ते सर्वांत अधिक, पांढऱ्यात कमी; पण असते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी दोन-तीन तासांत मळमळ, वांत्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. माणूस बहुधा काही तासांत बरा होतो, परंतु ते तास विसरत नाही. हे विष खळखळत्या पाण्यात किमान दहा मिनिटे उकळल्याने नष्ट होते. सावध लोक अर्धा तास सांगतात. आश्चर्य असे की, पाणी न उकळता नुसते गरम ठेवले, उदाहरणार्थ ८० अंशांवर, तर विष कमी होण्याऐवजी वाढल्याचेही आढळले आहे. म्हणून गरम पाण्याच्या थर्मासात किंवा अगदी मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा शिजत ठेवणे घातक. आपल्याकडे मुगाला, मटकीला मोड आणून ती कच्चीच कांदा-लिंबू घालून खाण्याची चाल आहे. त्या समजुतीने राजम्याचे मोड कोणी तोंडात टाकू नयेत.

हे समजल्यावर अल्बानियन गृहिणींच्या एका सवयीचा अर्थ उलगडला. त्या भिजविलेला घेवडा प्रथम साध्या पाण्यात उकळतात, ते पाणी ओतून देतात, आणि मग नव्या पाण्यात खरा स्वयंपाक मांडतात. पोटात वायू धरू नये म्हणून, एवढेच त्याचे कारण घरोघरी सांगितले जात असेल. पण त्या पहिल्या उकळीत त्याहून मोठे काम होऊन जाते.

दुसऱ्या खेपेस आम्ही शहाणे झालो होतो, पण अर्धेच. टोमॅटो बाहेर ठेवले; मात्र पाहुणे यावयाचे म्हणून दाणे दुप्पट घेतले आणि कुकर जवळजवळ गळ्यापर्यंत भरला. घेवड्याचा फेस फार येतो. तो फेस आणि सुटलेली एक साल वाफेच्या नळीत जाऊन बसली. शिटी होईना. आम्ही वाट पाहत राहिलो, आणि शेवटी सुरक्षा-झडप धडाडकन उडाली. छतावर पांढरा चिखल, भिंतीवर दाणे. सुदैवाने त्या क्षणी ओट्याजवळ कोणी नव्हते. झडपेने आपले काम केले. आम्ही आमचे केले नव्हते. कडधान्य शिजवावयाचे तर कुकर अर्ध्यापेक्षा अधिक कधीही भरू नये, पाण्यात चमचाभर तेल टाकावे म्हणजे फेस दबतो, आणि झाकण लावण्यापूर्वी नळीतून फुंकर मारून ती मोकळी आहे ना हे पाहावे. मुलांनी हे काम वडील माणसांच्या देखत करावे.

आता तिसऱ्या खेपेची, यशस्वी कृती. पाच लिटरचा कुकर घेतला. पाव किलो पांढरा राजमा निवडून, लहान चमचाभर मीठ घातलेल्या भरपूर पाण्यात रात्रभर भिजविला. सकाळी ते पाणी फेकून दाणे धुतले, आणि उघड्या पातेल्यात दहा मिनिटे खळखळा उकळून तेही पाणी ओतून दिले. मग कुकरात दाणे, एक लिटर ताजे पाणी, अर्धा कांदा, एक पान आणि चमचाभर तेल घातले. हे पान तिकडे लॉरेल झाडाचे असते. आपले तमालपत्र निराळ्या झाडाचे आहे आणि त्यास दालचिनीचा वास येतो. आमच्यापाशी तमालपत्रच होते. चव थोडी आपल्याकडे झुकली, इतकेच. पहिली शिटी होताच आच मंद करून पंधरा मिनिटे ठेवले. जुना, वर्षभर पडून राहिलेला दाणा असेल तर पाच-दहा मिनिटे अधिक लागतात.

त्यानंतर सर्वांत कठीण भाग, म्हणजे वाट पाहणे. कुकर आपोआप निवू द्यावा. घाईने वजन उचलून वाफ सोडली तर आतील अतितप्त पाणी एकदम उसळते. त्याबरोबर फेस बाहेर येतो, दाणे फुटून त्यांचा लगदा होतो, आणि हात भाजतो तो वेगळाच.

इकडे कढईत चार मोठे चमचे तेल तापवून एक मोठा कांदा बारीक चिरून मंद आचेवर परतला. ऑलिव्हचे तेल असल्यास उत्तम. नसल्यास शेंगदाण्याच्या तेलाने काही बिघडत नाही, मात्र तो वास येणार नाही. कांदा सोनेरी झाल्यावर लसणाच्या दोन पाकळ्या आणि दोन टोमॅटो किसून घातले, तेल सुटेपर्यंत परतले, आणि विस्तव काढून घेतल्यावर मिरचीची पूड घातली. पूड तापत्या तेलात टाकली तर करपून कडू होते. आपली लवंगी येथे चालावयाची नाही. रंग देणारी ब्याडगी योग्य. हे सारे कुकरातील शिजलेल्या घेवड्यात मिसळून, चवीपुरते मीठ घालून, झाकण न लावता पंधरा-वीस मिनिटे रटरटू दिले. तेवढ्या वेळात काही दाणे आपण होऊन विरघळतात आणि रस्सा दाट होतो. पीठ लावावे लागत नाही. उतरविताना वाळका पुदिना तळहातावर चुरडून टाकला. या पुदिन्याखेरीज तो पदार्थ अल्बानियाचा वाटत नाही, असे आमचे मत झाले आहे. मोहरी, जिरे, हळद घालण्याचा मोह आम्ही कष्टाने आवरला.

सोबत मक्याची भाकरी, कच्चा कांदा आणि कोबी-मिरचीचे आंबवलेले लोणचे, ही तिकडची रीत. आम्ही लिंबाचे लोणचे वाढले. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला आम्ही मुद्दाम बोलाविले होते. तिने दोन वाट्या संपविल्या आणि म्हणाली, "सर, ही तर आमच्या घरची उसळच आहे, फक्त पुदिना घातलेली." उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी इतका दाट झाला की त्यात कढत पाणी घालावे लागले, चव मात्र आदल्या दिवसाहून अधिक मुरलेली होती.