सोबत कोण येतंय?

पुण्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहाची मी बरीच वर्षं रेक्टर आहे. सकाळी इंजिनीअरिंगच्या मुलींना गणित शिकवायचं, संध्याकाळी त्यांच्याच होमपासवर सह्या करायच्या. कोण त्रासात आहे हे वर्गात क्वचित कळतं, मेसच्या वहीत लवकर कळतं. सलग तीन-चार रात्री नावापुढे खूण नाही आणि बाहेर जेवल्याची नोंदही नाही, की मी त्या मजल्यावर चक्कर मारते. बादलीत दोन दिवस भिजत पडलेले कपडे, दुपारी बारालाही ओढलेला पडदा, दिवाळीला घरून आलेला आणि डिसेंबरातही न उघडलेला चिवड्याचा डबा. यातलं सुटंसुटं काही आजार नव्हे. पडदा ओढून बारापर्यंत झोपणाऱ्या धडधाकट मुली मी खूप पाहिल्यात. पण जी आधी तशी नव्हती ती तशी झाली, की विचारायचं.

आमच्याकडे लातूर, नांदेड, बीडकडच्या मुली पुष्कळ. बारावीपर्यंत वर्गात पहिल्या. लातूर पॅटर्नमध्ये सराव झालेला, घड्याळ लावून पेपर सोडवलेले. नापास व्हायची वेळ मात्र कधी आलेली नसते. इथे वर्गातला प्रत्येक जण कुठून तरी पहिला आलेला. पहिल्या सेमिस्टरला एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर राहतो, तो मागे ठेवून पुढे जायची एटीकेटी लागते आणि घरी फोनवर ‘सगळं छान चाललंय’ सुरू होतं. रोज तेच सांगत राहणं त्या विषयापेक्षा जास्त थकवतं.

आणि पैसा. माझ्या मते निम्मा ताण कार्यालयीन असतो, पण त्याबद्दल कुणी व्याख्यान ठेवत नाही. ज्या कुटुंबांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकारने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलं. चांगलं झालं. पण मेसचं बिल, खोलीभाडं, ड्रॉइंगचं सामान आहेच. सरकारच्या स्वाधार योजनेची किंवा पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याची रक्कम खात्यात पडेपर्यंत मुलगी एका डब्यावर दोन वेळा काढते. अशा मुलीला ‘दीर्घ श्वास घे’ सांगण्याआधी महाडीबीटी पोर्टलवर तिचा अर्ज कुठे अडकलाय ते मी पाहते.

ताण मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. १९०८ साली यर्कीस आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी विजेचे धक्के देऊन उंदरांवर प्रयोग केले. काम अवघड असेल तर मध्यम धक्क्याने उंदीर लवकर शिकले, जोराच्या धक्क्याने मागे पडले. पुढे याचाच टेकडीसारखा आलेख पुस्तकांत आला. गणिताची असल्याने मला तो आवडतो. परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, म्हणजे पीएलमध्ये, मुली टेकडीच्या उतरणीवर असतात आणि आणखी जोर लावतात. रात्रभर जागून, कॉफी पिऊन. वाचलेलं डोक्यात पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं, आणि कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला सुमारे पाच तास घेतं. रात्री अकराच्या कपाचा अर्धा अंमल पहाटे चारला शिल्लक असतो. एवढं सांगितलं की काही जणी ऐकतात. बाकीच्या मला लपवून किटली आणतात.

पेपर संपला की उतरतो, तो ताण. दोन आठवडे उलटूनही मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतंय, तर ते डॉक्टरांच्या अखत्यारीतलं. लातूरकडच्या एका मुलीचं असंच झालं. ती मला म्हणाली, “मॅडम, मला काही झालेलं नाही. मी फक्त आळशी झालेय.” मी तिला समुपदेशकाचा नंबर दिला नाही. बुधवारी चार वाजता दोघी जाऊ, असं सांगितलं.

माझं सगळं म्हणणं या ‘दोघीं’पाशी येतं. नंबर भिंतीवर असतात. मनाने खचलेल्या माणसाला फोन उचलणं, वेळ ठरवणं, रिक्षा करणं, रांगेत बसणं यातलंच काही जमत नसतं. हे काम रूम पार्टनर करू शकते, रेक्टर करू शकते, मेसच्या मावशीही करतात.

आधी समुपदेशकाची खोली परीक्षा विभागासमोर होती. आत जाणारी मुलगी फॉर्मच्या अख्ख्या रांगेला दिसायची. ती खोली हलवून घ्यायला मी जेवढी पत्रं लिहिली, तेवढी स्वतःच्या पगारवाढीसाठी लिहिली नाहीत. आता ती ग्रंथालयाच्या मागे आहे आणि तिचं दार नीट लागतं.

आत काय होतं, हेही मुलींना आधी सांगावं लागतं. समुपदेशक ऐकतात, प्रश्न विचारतात, पुढची वेळ देतात. औषध देत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतात. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएस करून पुढे शिकलेले डॉक्टर, गोळ्या तेच लिहितात. खासगी फी परवडत नसेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर थोड्या पैशांत निघतो, सकाळ मात्र जाते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. सुरुवातीला मळमळतं, झोप इकडची तिकडे होते. नेमक्या त्याच दिवसांत मुली ‘काही उपयोग नाही’ म्हणून औषध सोडतात. म्हणून त्या काळात मी रोज विचारते: जेवलीस का, घेतलीस का? या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लावत नाहीत, पण मनाने एकदम बंदही करायच्या नसतात.

लातूरकडच्या त्या मुलीलाही गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा तिच्या परवानगीने मी तिच्या वडिलांना फोन केला. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आवाज आला, “येड लागलंय का ओ पोरीला?” आपल्याकडे मनोरुग्णालयांवरून ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला न्या’ हे विनोद आहेत, त्यामुळे त्यांचा तरी काय दोष? त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था काढली आणि साधी माणसं उजळ माथ्याने तिथे जाऊ लागली, पण विनोद तेवढे राहिले. वडिलांचा दुसरा प्रश्न, “लग्नाच्या वेळी निघणार नाही ना हे?” मी सांगितलं, “दादा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तिला आहे. जीवाला धोका वगैरे मोजके अपवाद सोडले, तर कुणाला परस्पर सांगता येत नाही.” ते पुढच्याच रविवारी एसटीने आले. येताना भुईमुगाच्या शेंगा आणल्या, अर्ध्या मला.

जीवाच्या धोक्याबद्दलही बोलायला हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. संशय आला तर मी सरळ विचारते, “मरणाचे विचार येतात का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रात्र असेल तर रुग्णालयाचा अपघात विभाग. तोवर १४४१६ लावायचा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली. चोवीस तास, मोफत, मराठीतही. रूम पार्टनरनेही लावला तरी चालतो. ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ मैत्रिणीने घातली असेल, तर ती मोडायची. एवढी एक शपथ मोडायला माझ्या वसतिगृहात मुभा आहे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहांत ठळक लावायचे आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं, हेही त्यात आहे. आमच्याकडे हेल्पलाइनचा नंबर आता प्रत्येक मजल्यावर आहे. प्रशिक्षणाला मेसच्या मावशींनाही बसवा, असा माझा अर्ज कार्यालयात पडून आहे.

लातूरकडची ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. मेसला वेळेवर येते, भाजीला नावं ठेवते. एम-वन सुटला. एम-थ्री राहिलाय, आणि त्याचा फॉर्म भरायची मुदत या शुक्रवारी संपतेय.