वारशाने आलेल्या बंदुकीचे लाकूड

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम् हे नगर कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधल्या सखल भूमीवर वसलेले आहे. भोवताली भातखाचरे आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस. त्यामुळे तेथील हवा वर्षाचा बराच काळ दमट असते. अशा हवेत लाकडाची वस्तू कधीच स्थिर राहत नाही. ओल शोषून लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात ती सोडून आकसते. हे फुगणे-आकसणे तंतूंच्या दिशेने नगण्य, परंतु आडव्या दिशेने पुष्कळ असते. म्हणूनच जुन्या लाकडाला पीळ पडतो किंवा चीर जाते. तंजावरी वीणा घडविणारे कारागीर चांगले मुरलेले फणसाचे लाकूडच निवडतात, त्याचे हे एक कारण होय.

या प्रदेशावर एके काळी मराठ्यांचे राज्य होते आणि तेथे मराठी बोलणारी घराणी आजही आहेत. अशाच एखाद्या घरी आजोबांची रायफल वारशाने नातवाकडे आली आहे, असे समजू. नळी व इतर लोखंडी भाग ग्रीजमुळे शाबूत आहेत. लाकडी दस्ता मात्र काळवंडलेला, हाताला चिकट लागणारा, आणि मध्यंतरी कोणीतरी फासलेल्या चकचकीत रोगणाचे पोपडे सुटलेला असा आहे. नातवाच्या मनात पहिला विचार येतो तो काचकागदाचा. घासून आतले ताजे लाकूड वर काढावे आणि त्यावर रोगणाचे दोन हात द्यावेत, असे त्याला वाटते. असे केले तर दस्ता सुरेख दिसेल, पण त्याचे मूळ रूप पुन्हा कधीही मिळणार नाही. कारखान्याचे शिक्के, तपासनिसांच्या खुणा, दुरुस्तीच्या नोंदी लाकडावर ठोकलेल्या असतात आणि त्यांची खोली फारच थोडी असते. शिवाय लाकूड व धातू यांची जोडणी केसाच्या अंतराने बसविलेली असते. लाकूड घासले गेले की धातूच्या कडा वर उठून दिसू लागतात.

वस्तू नाहीशी झाल्यावर तिची किंमत कळते, याचे उदाहरण तंजावरच्या राजवाड्यातच घडले. राज्य खालसा झाल्यावर तेथील शस्त्रागारातून निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयाकडे गेली आणि बाकीची मोडून जुने लोखंड म्हणून विकली गेली. एम. जे. वॉलहाउस या मुलकी अधिकाऱ्याने १८७८ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात ही हकिकत लिहिली. लोखंडाला निदान भंगाराचा भाव तरी होता. तोड्याच्या बंदुकांच्या दस्त्यांना तोही नसणार.

लाकडास हात लावण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहणे अवश्य आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे वारसालाही स्वतःच्या नावाचा परवाना घ्यावा लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाची शस्त्रे धरूनही एका व्यक्तीजवळ दोनांहून अधिक बंदुका राहू शकत नाहीत. लष्करी .३०३ रायफल सामान्य नागरिकास निषिद्ध आहे. म्हणूनच ईशापूरच्या रायफल कारखान्याने त्याच ली-एन्फील्ड बांधणीवर .३१५ मापाची शिकारी रायफल नागरिकांसाठी बनविली. .३०३ चा उपयोग पोलिसांकडे मात्र पुष्कळ काळ चालला. उत्तर प्रदेशच्या पोलीस दलाने तिला जानेवारी २०२० मध्ये निरोप दिला.

आता मूळ रूप म्हणजे काय, हे पाहू. ब्रिटिश पद्धतीच्या रायफलींचे दस्ते बहुधा अक्रोडाचे असत आणि जवसाच्या तेलात भिजवून काढलेले असत. सैनिकाने अधूनमधून तेच तेल तळहाताने चोळावे, अशी रीत होती. रशियाच्या मोसिन-नागांत रायफलींच्या लाकडावर पुष्कळदा चपडा लाखेचा थर दिसतो. या दोन पद्धतींत मोठा भेद आहे. लाख लाकडावर बसते, तेल लाकडात शिरते. लाखेचा थर ओलीने पांढुरका पडतो आणि आघाताने तडकतो. तेलाला तडकण्यासारखा थरच नसतो.

जवसाचे तेल ‘वाळते’ असे आपण म्हणतो, पण ओले कापड वाळते तसे ते वाळत नाही. त्यातून पाणी उडून जात नाही. उलट ते हवेतील प्राणवायू घेते आणि त्याचे वजन काही अंशी वाढते. या तेलाच्या स्निग्धाम्लांपैकी सुमारे निम्मे लिनोलेनिक आम्ल असते. त्याच्या रेणूत तीन द्विबंध असतात. प्राणवायू त्या द्विबंधांजवळ शिरकाव करतो, शेजारचे रेणू एकमेकांस जोडले जातात आणि अखेर द्रवाचे एक घट्ट जाळे बनते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जिनिव्हाचे शास्त्रज्ञ निकोला-थिओडोर द सोश्यूर यांनी अक्रोडाच्या तेलाचा पातळ थर पाऱ्यावर प्राणवायूत ठेवून पाहिला. कित्येक महिने तेलाने फारच थोडा वायू घेतला. नंतर अवघ्या काही दिवसांत त्याच्या कितीतरी पट घेतला. ही क्रिया एकदा सुरू झाली की स्वतःच स्वतःला वेग देते.

यावरून घरातले कोणतेही तेल का चालत नाही, हे ध्यानी येईल. खोबरेल तेलात द्विबंध जवळजवळ नसतातच. ते वर्षभर तसेच ओले राहील. तमिळ स्वयंपाकघरातील तिळाचे तेल अर्धवट वाळते आणि चिकट होऊन धूळ धरते. वारशाच्या दस्त्यावरचा काळा चिकटा पुष्कळदा अशाच तेलांचा असतो. जवस ही आपल्या विदर्भातली ओळखीची गळिताची वस्तू. चटणी करणाऱ्यांना तिचा हा दुसरा गुण ठाऊक असतोच असे नाही.

प्रत्यक्ष काम सुरू करताना बंदूक रिकामी असल्याची खात्री स्वतः करून घ्यावी. नंतर लाकूड सुटे करावे. सैन्यातील नमुन्याच्या ली-एन्फील्डमध्ये पुढचे लाकूड काढल्याखेरीज मागच्या दस्त्याचा लांब बोल्ट फिरवू नये. फिरवल्यास पुढचे लाकूड फुटते. पुष्कळ चांगले दस्ते या एका घाईने वाया गेले आहेत.

वरचा थर कोणता, हे आतल्या बाजूस झाकल्या जाणाऱ्या जागी पाहावे. स्पिरिटात भिजवलेल्या कापसाने तो विरघळून बोळ्यावर आला, तर ती लाख. मग ती मूळची की नंतरची, हे रायफलीच्या नमुन्यावरून ठरते. विरघळला नाही, तर वाळलेले तेल किंवा नवे रोगण असण्याचा संभव अधिक. रोगण काढण्याचे द्रव्य वापरून, मऊ कापडाने, थोडे थोडे काढावे. तेल-ग्रीजचा काळा थर टर्पेंटाइनने सैल होतो. खोल मुरलेले तेल खडूची पूड लेप करून लावली असता ती शोषून घेते. कुंभकोणमचे ऊन या कामी उपयोगी पडते खरे, पण लाकूड तासन्‌तास कडक उन्हात ठेवले तर चिरा जातात.

दाबले गेलेले खळगे काढण्याची युक्ती मनोरंजक आहे. ओले फडके खळग्यावर ठेवून वरून तापलेली इस्त्री क्षणभर टेकवावी. वाफ चेपलेल्या तंतूंत शिरते, ते फुगून पूर्ववत होतात आणि खळगा वर येतो. जेथे तंतू तुटलेले आहेत तेथे वाफेचा उपयोग नाही, आणि तो ओरखडा तसाच राहू द्यावा. शिक्क्यांजवळ मात्र वाफ मुळीच देऊ नये. शिक्का म्हणजेही चेपलेले तंतूच.

लाकूड पूर्ण वाळल्यावर जवसाचे तेल अगदी पातळ चोळावे आणि अर्ध्या तासाने न शिरलेले तेल पुसून टाकावे. कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस, दमट हवेत त्याहूनही अधिक घेते. रंगारी ज्यास बेलतेल म्हणतात त्यात धातूंचे क्षार घातलेले असल्याने ते लवकर वाळते. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. हे काम फेब्रुवारी ते मे या काळात करणे सोयीचे.

तेलाने भिजलेल्या चिंध्यांकडे विशेष लक्ष द्यावे. वाळताना तेल उष्णता सोडते. चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आतच कोंडते, उष्णतेने क्रिया आणखी वेग घेते आणि काडी न लावता बोळा पेटतो. चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.