एका पँटीमागचे अनोळखी हात

आठवड्याच्या बाजारात तुम्ही मुलासाठी निळी जीनची पँट घेता. दुकानदार पाचशे म्हणतो, तुम्ही साडेतीनशे म्हणता, आणि शेवटी सव्वाचारशेला सौदा पटतो. घरी येताना मनात एवढेच असते की, आपण फसलो तर नाही ना? पण ही पँट किती जणांनी मिळून केली, आणि त्यांचा मेळ घातला कोणी, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. आज त्याचाच थोडा विचार करू.

मुंबईहून कर्जतच्या गाडीत बसले की कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने लागतात. यांतले उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित इथल्या बराकींत उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या वसाहतीची कोनशिला बसवली. अजूनही तिथले लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच असेच म्हणतात. घरदार मागे राहिले होते. बरोबर आली ती व्यापाराची अक्कल आणि कष्टाची तयारी. तेवढ्या भांडवलावर हे उद्योगाचे शहर उभे राहिले, आणि पुढे जीनच्या पँटींसाठी देशभर माहीत झाले.

आता ती पँट उलगडून पाहा. कापूस, समजा, यवतमाळकडचा. जिनिंगमध्ये सरकी निघाली, गिरणीत सूत झाले. उभा धागा निळीत बुडवला, आडवा पांढराच ठेवला. म्हणून जीन बाहेरून निळी आणि आतून फिकी दिसते. कापडाचे तागे अहमदाबादेहून आले. उल्हासनगरात एकाने कापड बेतले, दुसऱ्याने शिवले, तिसऱ्याने काज-बटण केले, चौथ्याने रंग उतरवण्यासाठी धुतले. कुणा बाईने घरी बसून लोंबते धागे कापले. मशिनीवरचा कारागीर कदाचित उत्तर प्रदेशातला. त्याने यवतमाळ पाहिलेले नाही, आणि यवतमाळच्या शेतकऱ्याने उल्हासनगर पाहिलेले नाही. कुणी कुणावर उपकार करायला बसला नव्हता. ज्याने त्याने आपले पोट पाहिले, आणि तरी तुमच्या मुलाच्या मापाची पँट बाजारात हजर!

हा मेळ घालते ती एक दवंडी. तिचे नाव भाव. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलमागे दहा हजार रुपयांच्या वर गेला. सूतगिरणीवाल्याला पाऊस कुठे चुकला, परदेशात मागणी किती, हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. माल जपून वापरा, एवढे त्याला भावानेच सांगितले. आणि शेतकऱ्याला सांगितले की यंदा कापूस लावा. पुढच्या खरिपात पेरा वाढला तो असा. हुकूम कुणी दिला नाही, सभा कुणी भरवली नाही.

शिवाय काम वाटले गेले की हात बसतो. एकाच माणसाने कापूस पिकवण्यापासून काजापर्यंत सगळे करायचे म्हटले, तर वर्षभरात एक पँट होणे कठीण. ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण देऊन हेच दाखवले. संपत्ती वाढते ती अशा वाटणीतून.

पण या दवंडीत एक उणेपण आहे. ज्याचे बिल कुणी पाठवत नाही, ते तिच्यात येत नाही. अंबरनाथजवळच्या डोंगरात वालधुनी नावाची लहानशी नदी उगम पावते. अकराव्या शतकातल्या प्राचीन शिवमंदिराच्या काठाने ती उल्हासनगरात येते. पँटी धुतलेले रंगाचे पाणी तिच्यात गेले, कारखान्यांचे सांडपाणी गेले. २०१४ च्या नोव्हेंबरात कुणी तिच्यात रसायन ओतले, आणि काठच्या वस्तीतल्या कितीतरी माणसांना गुदमरून इस्पितळात न्यावे लागले. नदीने बिल पाठवले नव्हते, म्हणून पँट स्वस्त होती. तो फरक काठच्या लोकांनी आपल्या छातीवर भरला.

पुढे २०१८ च्या सुमारास सरकारी आदेशाने जीन धुण्याचे कारखाने बंद पडले. आता साखळीचा दुसरा गुण पाहा. धुलाई थांबली की शिवणाऱ्याचा हात थांबतो, धागे कापणाऱ्या बाईची मजुरी थांबते. दोष त्यांचा नव्हता, पण झळ त्यांनाच आधी लागते. आणि धुलाईखाना उठून शेजारच्या गावी गेला, तर नदी बदलते. हिशेब बदलत नाही.

म्हणून बाजाराला शिव्या देऊन चालणार नाही, आणि त्याची आरती ओवाळूनही चालणार नाही. पाणी शुद्ध करण्याचा खर्च पँटीच्या किमतीत धरायला लावणे हे कायद्याचे काम. मग पँट थोडी महाग होईल, पण दवंडी खरी बोलू लागेल.

शिक्षक मंडळींना एक सुचवतो. वर्गात टेबलावर एखादी साधी वस्तू ठेवा, आणि तिला लागलेले हात मुलांना फळ्यावर लिहायला सांगा. फळा भरला की शेवटी विचारा, ‘यात कुणाचे पैसे द्यायचे राहिले?’