बोगद्यातले भय, चौकातले भय

भुताची गोष्ट लहानपणी ऐकली नाही असा माणूस आपल्यात विरळाच. पिंपळावरचा मुंज्या, पाणवठ्यावरची हडळ. गावोगाव तपशील बदलतो, पण एक गोष्ट बदलत नाही. त्या भुताला काही तरी कारण असते. मुंज झालेला मुलगा लग्नाआधीच गेला, म्हणून मुंज्या. बाळंतपणात बाई दगावली, म्हणून हडळ. कोणाचे तरी काही राहून गेलेले असते.

इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, ज्या भयकथा लिहिल्या गेल्या त्यांतली भुतेही बहुतेक अशीच हिशेबी. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८८५ साली सिमल्याची एक गोष्ट लिहिली. एका साहेबाने एका बाईला नादी लावले आणि मग टाकून दिले. ती झुरून मेली, आणि माणसांनी ओढायची तिची रिक्षा त्या साहेबाच्या मागे लागली. ओढणारेही मेलेले, बरं का! केलेले फेडावे लागले, एवढाच त्याचा अर्थ. वाचणारा घाबरतो खरा, पण मनातून म्हणतो, मी काही असे केलेले नाही. आणि निवांत झोपतो.

त्या काळातली एक गोष्ट मात्र असे निवांत झोपू देत नाही. ती चार्ल्स डिकन्सची. नाव ‘द सिग्नलमन’. १८६६ च्या नाताळात डिकन्सच्याच साप्ताहिकाच्या खास अंकात ती आली. नाताळच्या लांब रात्री शेकोटीभोवती घरच्या मंडळींनी बसावे, एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, अशी तिकडची रीत होती.

खडक फोडून केलेल्या खोल, ओलसर घळीतून आगगाडीचा रस्ता जातो. तोंडाशी बोगदा, बोगद्यापाशी लाल दिवा, आणि एका केबिनमध्ये एकटा सिग्नलवाला. काम अंगमेहनतीचे नाही, पण क्षणभर लक्ष चुकवून चालत नाही. दिवे नीट ठेवायचे, सिग्नल बदलायचा, तारायंत्राची घंटा वाजली की उत्तर द्यायचे. हा माणूस चांगला शिकलेला. तरुणपणी संधी वाया घालवल्या आणि इथे येऊन पडला. त्याला बोगद्याच्या तोंडाशी एक आकृती दिसते. डाव्या हाताने तोंड झाकलेले, उजवा हात जिवाच्या आकांताने हलवीत ती सावध राहायला सांगते. त्यानंतर सहा तासांच्या आत त्या मार्गावर मोठा अपघात होतो. काही महिन्यांनी ती आकृती पुन्हा दिसते, आणि त्याच दिवशी गाडीच्या डब्यात एक तरुण मुलगी मरण पावते. आता ती तिसऱ्यांदा दिसू लागली आहे.

त्या माणसाचे दुःख नीट समजून घ्या. तो भुताला भीत नाही. त्याचा जीव तुटतो तो वेगळ्याच गोष्टीने. धोका आहे हे त्याला कळते, पण कोठे आणि कसला ते कळत नाही. पुढल्या स्टेशनला तार करावी, तर ते विचारणार, कसला धोका? काय सांगावे? वेडा ठरवून नोकरीवरून काढतील. गाड्यांतल्या माणसांचे प्राण ज्याच्या हाती, त्याच्या हातात प्रत्यक्षात काहीच नाही. गोष्ट सांगणारा गृहस्थ शहाणा आहे. तो विचारतो, डोळ्यांचा विकार नसेल ना? तारांतून वाऱ्याचा आवाज येत नसेल ना? आपल्या मनातली प्रत्येक शंका तो आधीच काढतो, आणि म्हणूनच आपण फसतो. दुसऱ्या दिवशी तो परत येतो तेव्हा सिग्नलवाला इंजिनाखाली सापडून मेलेला असतो. इंजिन चालवणाऱ्याने त्याला ओरडून सावध केले होते. कसे, तर एक हात डोळ्यांवर धरून आणि दुसरा हलवीत.

हे डिकन्सला कोठून सुचले असेल? ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट या गावाजवळ तो बसलेली गाडी पुलावरून घसरली. दुरुस्तीसाठी रूळ काढलेले होते आणि मुकादमाने गाडीची वेळ चुकीची पाहिली होती. लाल बावटेवाला १००० यार्डांवर उभा असायला हवा होता, तो ५५४ यार्डांवरच उभा होता. त्याने बावटा दाखवला. पण गाडी थांबायला अंतर पुरले नाही. दहा माणसे मेली. डिकन्सचा डबा पुलावरून लोंबकळत राहिला. तो बाहेर आला, टोपीतून पाणी आणून जखमींना पाजत फिरला. पुढे आगगाडीत बसताना त्याच्या अंगाला कापरे भरे. नंतर बरोबर पाच वर्षांनी, ९ जूनलाच, तो वारला. सूचना मिळाली पण अपुरी पडली, ही ठणक त्या कथेत जशीच्या तशी उतरली आहे असे मला वाटते.

आता ८२ वर्षे पुढे येऊ, आणि इंग्लंड सोडून अमेरिकेत. शर्ली जॅक्सन या लेखिकेची ‘द लॉटरी’ ही कथा २६ जून १९४८ च्या ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात आली. इथे ना बोगदा, ना अंधार. जूनची स्वच्छ सकाळ, हिरवे गवत, सुमारे तीनशे वस्तीचे गाव. चौकात माणसे जमतात. पाऊसपाणी, ट्रॅक्टर, कर यांच्या गप्पा चालल्या आहेत. पोरे दगड गोळा करीत आहेत. दरवर्षीप्रमाणे सोडत निघायची आहे. एका जुन्या काळ्या पेटीतून चिठ्ठ्या काढायच्या. टेसी नावाची बाई भांडी घासण्याच्या नादात दिवस विसरली, ती धावत येते, लोक हसतात. जिच्या चिठ्ठीवर काळा ठिपका निघतो ती तीच. मग सगळे गाव तिला दगडांनी मारते. घटकेपूर्वी जी शेजारीण तिच्याशी हसून बोलत होती, तीच दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा दगड घेते. टेसीच्या लहानग्या मुलाच्या हातातही कोणी तरी खडे देतात.

कशासाठी? कोणालाच धड आठवत नाही. पेटी झिजली, जुने विधी विसरले, दगड मात्र लक्षात राहिले. एक म्हातारा तेवढा सांगतो की सोडतीने पीक चांगले येते. शेजारच्या काही गावांनी ही रीत सोडली म्हणे, तर त्याला त्याचा राग.

दोन्ही गोष्टी एकीपुढे एक ठेवून पाहा. डिकन्सच्या माणसाला वाचवायचे आहे, पण त्याला ठावे नाही. जॅक्सनच्या गावाला सगळे ठावे आहे, आणि वाचवायचे नाही. तिकडे शंका काढणारा एक शहाणा तरी होता. इकडे कोणी प्रश्नच विचारीत नाही, आणि लेखिकाही एखाद्या जत्रेची हकिकत सांगावी तशा थंड आवाजात सांगत जाते. नव्या भयकथेतले भूत गेले असे लोक म्हणतात. मला वाटते, ते गर्दीत मिसळून गेले, म्हणून ओळखू येत नाही. आता पडद्यावर रक्ताचे पाट वाहवणारे चित्रपट पुष्कळ निघतात, पण किंचाळून अंगावर येणाऱ्याला आपण दचकतो, आणि घरी येईपर्यंत विसरतो.

शिक्षक मंडळींनी या दोन गोष्टी वरच्या वर्गांना आपल्या शब्दांत जरूर सांगाव्या. सिग्नलवाल्याची सांगताना तार करावी की न करावी इथे थांबावे, आणि मुलांनाच विचारावे, तुम्ही काय तार केली असती? दुसरी गोष्ट सांगताना आवाज मुळीच बदलू नये. शेवटचे कळू न देता दगड गोळा करणारी पोरे सुरुवातीलाच दाखवून ठेवावी. वर्गातली एक-दोन मुले नक्की हसतील. हसू द्यावे.

त्या उन्हाळ्यात जॅक्सनला तीनशेहून अधिक पत्रे आली. बहुतेकांनी तिला बोल लावले होते. तिचे बरे बोलणारी अवघी तेरा, आणि तीही बहुतांशी ओळखीच्यांची. पण तिने पुढे एका व्याख्यानात सांगितले की काही पत्रांत राग नव्हता, नुसती चौकशी होती. अशा सोडती कोठे होतात, आणि आम्हांला तेथे येऊन पाहता येईल का?